मांडीवरचा कीबोर्ड

"ताई, नक्की कशासाठी हवाय कीबोर्ड?" दुकानदाराने विचारलं.

"सूड घ्यायला," पाटीबाई म्हणाली.

दुकानदार दिलखुलास हसला. त्याला वाटलं, बाईला संगणकावर मारामारीचे खेळ खेळायचेत. "मग तो तिकडचा बघा. खाली रंगीत दिवे लागतात, बटणं कशी खटखट वाजतात! खेळणारी पोरं तोच नेतात."

"दिवे नकोत. आणि आवाज तर अजिबात नको."

"बिनआवाजाचा सूड?"

"माझा तसलाच आहे. दाखवा तुम्ही."

बिचाऱ्याला काय कल्पना! बाई दिसायला अगदी साधी, खांद्याला कापडी पिशवी, आवाज खालच्या पट्टीतला. पण गेले कित्येक महिने तिच्या पोटात जे खदखदत होतं, त्याचा चटका त्या काउंटरच्या काचेला बसला असता तर काच तडकली असती.

पाटीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिच्या सासऱ्यांची नाटक कंपनी. म्हातारपणी सासऱ्यांचे कान गेले, पार गेले, आणि स्वतःच उभ्या केलेल्या कंपनीच्या नाटकांना ते येईनासे झाले. ओठ हलताना बघत बसायला मी काय माशांच्या टाकीसमोर बसलोय, म्हणायचे. तेव्हा थोरल्या मुलाने रंगमंचाच्या मागच्या बाजूला, वर, एक लांबट पडदा लावला. नट बोलेल तो संवाद त्याच वेळी तिथे मोठ्या अक्षरांत उमटायचा. बाबा पुन्हा येऊन पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसू लागले. त्यांच्यामागे गावातली ऐकू न येणारी मंडळीही यायला लागली, आणि कंपनीचं नाव झालं. त्या अक्षरांना कंपनीत 'पाट्या' म्हणायचे, आणि संगणकावर बसून त्या पाट्या चालवणारी धाकटी सून म्हणून ही पाटीबाई.

काम वाटतं तितकं सोपं नाही हो. संवाद आधी भरून ठेवलेले असतात, बटण दाबलं की पुढची ओळ येते, इथवर ठीक. पण नट एखादं पान गाळून पुढे उडी मारतो, तेव्हा माऊसने बाण सरकवून बरोबर ती ओळ पकडावी लागते. आणि नट पदरचं बोलायला लागला, की खालच्या रिकाम्या चौकटीत बाण नेऊन ते तिथल्या तिथे टाईप करावं लागतं. पदरचं बोलण्यात थोरले भाऊजी, म्हणजे तिचे मोठे दीर, पटाईत. कंपनीचे नायक तेच, दिग्दर्शक तेच, मालक असल्यासारखे वागणारेही तेच. पाठांतराच्या नावाने बोंब, पण रुबाब असा की चुकले तरी प्रेक्षकांना वाटावं, आपलंच ऐकण्यात काहीतरी चुकलं.

एका बाबतीत मात्र ते कधीच चुकले नाहीत. प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हा बाबांचा नियम. रंगमंचावर आग लागली तरी तोंड समोर. ह्या नियमापायी बाबांनी मोठमोठ्या नटांना घरी बसवलं होतं. थोरल्यांनी तो असा अंगी बाणवला होता, की त्यांच्या डोक्यावर इतकी वर्षं काय लिहून येतंय ते त्यांनी एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

आणि धाकटा? धाकटा पाटीबाईचा नवरा. लहानपणी एकदा रंगमंचावर उभा केला, तर संवाद विसरला, प्रेक्षकांकडे पाठ करून रडायला लागला. बाबांनी त्याला विंगेत ओढून फाडकन मुस्काटात मारली. तेव्हापासून तो पडद्यामागेच राहिला. कपडेपट सांभाळ, सामान उचल, भावाला चहा दे. आणि घरी आला की लिही. स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत तो संवाद म्हणायचा आणि ही टाईप करायची. मग आजारपणाने त्याला अंथरुणाला खिळवलं. तेव्हा तो लॅपटॉप पोटावर ठेवून स्वतः टाईप करायला लागला. जुना, जाडजूड लॅपटॉप, पण त्याच्या बटणांच्या मधोमध एक छोटी लाल दांडी होती, डाळीच्या दाण्याएवढ्या टोपीची. तिला बोटाने जरासं रेटलं की बाण सरकायचा. माऊस नको, टेबल नको, हात उचलायला नको. हात उचलायची ताकदच कुठे राहिली होती त्याच्यात. शेवटचं नाटक त्याने असं पडल्या पडल्या संपवलं. एका शिंप्याचं आणि त्याच्या मुलाचं नाटक. ते संपलं, आणि थोड्याच दिवसांत तोही गेला.

नाटक भाऊजींनी बसवायला घेतलं तेव्हा तिला भरून आलं होतं. वाटलं, भावाची आठवण ठेवली माणसाने. मग भिंतीवर जाहिरात लागली. लेखक म्हणून भाऊजींचं नाव. दिग्दर्शक, तेच. प्रमुख भूमिका, तेच.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या भिंतीसमोर कळलं. तशीच्या तशी ती तालमीच्या खोलीत गेली.

"भाऊजी, नाव चुकलंय."

"काय चुकलंय?"

"नाटक त्यांनी लिहिलं. माझ्या डोळ्यांसमोर लिहिलंय ना, ओळ अन् ओळ."

"अगं, कल्पना माझीच होती. त्याने फक्त कागदावर उतरवली." भाऊजींनी आरशात बघत भुवई सारखी केली. "आणि एवढं काय त्यात? आडनाव तर तेच आहे ना!"

आडनाव तेच आहे! केसाने गळा कापावा आणि वर म्हणावं, केस तर घरचेच आहेत ना!

ती बाबांकडे गेली. त्यांना ऐकू येत नाही म्हणून मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिलं, की हे नाटक तुमच्या धाकट्याचं आहे. बाबांनी कागद वाचला, घडी केली आणि तिच्या हातात परत दिला. "पोरी, दुःखात माणूस काहीही बोलतो. धाकट्याच्या हातून आयुष्यात काही झालं नाही. रंगमंचावर येतं ते खरं. बाकी सगळी विंगेतली कुजबुज." आणि डोळे पुसत खिडकीबाहेर बघत बसले. तिने कागद पिशवीत ठेवला. पण त्यांचं वाक्य तिने नीट लक्षात ठेवलं. रंगमंचावर येतं ते खरं. बरं तर, म्हणाली मनात, रंगमंचावर आणते.

पहिल्या प्रयोगाला बाबा येणार होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूरच्या शहरात लेकीकडे कायमचे राहायला जाणार होते. म्हणजे संधी एकच. ती हुकली की बाबा मरेपर्यंत हेच धरून बसणार, की धाकटा नालायक निघाला.

भाऊजीही काही दूधखुळे नव्हते. त्या दिवसापासून त्यांचा तिच्यावरचा विश्वास उडाला. प्रेक्षागृहाच्या मागे दिव्यांची आणि पाट्यांची मिळून एक खोली होती. तिथून त्यांनी तिला उठवलं आणि स्वतःच्या मेहुण्याला एकट्याला तिथे दिव्यांवर बसवलं. "तू आपली विंगेत बस, माझ्या नजरेसमोर." विंग म्हणजे रंगमंचाच्या कडेची बोळ. तिथून सगळं सामान आत-बाहेर करायचं, त्यामुळे टेबलाला जागा नाही. संगणक भिंतीच्या फळीवर बांधला, हिला एक स्टूल दिलं. कीबोर्ड मांडीवर, माऊस गुडघ्यावर. रंगीत तालमीत काय व्हायचं तेच झालं. कीबोर्डच्या वायरीत शिंप्याच्या बायकोचा पाय अडकला, आणि गंभीर प्रसंगात माऊस गुडघ्यावरून खाली खडखडत गेला.

भाऊजींनी तालीम थांबवली. सगळ्या कंपनीसमोर म्हणाले, "एवढासा उंदीर सांभाळता येत नाही बाईला, आणि निघालीय मला नाटक शिकवायला!" सगळे हसले. मेहुणा सगळ्यांत जोरात. मग भाऊजी उदार झाले. "जा, कंपनीच्या नावावर चांगलासा बिनवायरचा कीबोर्ड घेऊन ये. पण परत आवाज झाला तर गाठ माझ्याशी आहे."

आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेणारा माणूस बघायचा असेल, तर तो असा दिसतो. भुवई सारखी करत.

म्हणून ती ह्या दुकानात आली होती. दुकानदार भला माणूस, पण हौशी. आधी त्याने बोट फिरवायची गुळगुळीत पाटी असलेला कीबोर्ड काढला. तिने तो मांडीवर घेऊन टाईप करून पाहिलं. अंगठा नकळत पाटीला घासला आणि बाण भलतीकडेच पळाला. "नको. ऐन वेळी दगा देईल." मग त्याने कडेला गोटी बसवलेला काढला. गोटी फिरवायला हात बाजूला न्यावा लागत होता, तोही नको.

"मधोमध दांडीवाला नाही का? लाल टोपीचा?"

"अहो, त्याला आता गिऱ्हाईक कुठंय!" असं म्हणत तो आत गेला आणि धूळ झटकत दोन खोकी घेऊन आला. "टेबलावर ठेवून बघा."

"टेबल नसतं मला." ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली, कीबोर्ड मांडीवर घेतला आणि डोळे मिटले.

"डोळे का मिटताय?"

"अंधारात काम असतं माझं."

आता मात्र दुकानदाराच्या चेहऱ्यावरचं हसू जरा कमी झालं. पहिला कीबोर्ड चांगला छोटा, हलका, पण तिने बोट काढून घेतलं तरी पडद्यावरचा बाण आपोआप वर सरकत राहिला, झोपेत चालणाऱ्या माणसासारखा. दांडीचा दोष. बाजूला ठेवला. दुसरा तेवढाच छोटा. बटणं मऊ, दाबली तरी आवाज नाही, कुठे दिवा नाही. दांडीवरून बोट उचललं की बाण गुमान जागच्या जागी. तिने डोळे उघडले.

"हा बराच वेळ वापरला नाही तर झोपतो का? परत जागा व्हायला वेळ लावतो का?"

"बॅटरी वाचवायला झोपतो, पण ते बंद करता येतं. कधी झोपू द्यायचं नाहीये का ह्याला?"

"मी नाही झोपले गेले कित्येक महिने," ती म्हणाली. "ह्यालाही जागू दे."

दुकानदाराने मुकाट्याने ती सोय बंद करून दिली. मग तिने पिशवीतून काड्यापेटी काढली. तीत धाकट्याच्या लॅपटॉपच्या दांडीची टोपी होती, त्याच्या बोटाने झिजून गुळगुळीत झालेली. लॅपटॉप बंद पडला तेव्हा तिने तेवढी काढून ठेवली होती. "ही बसेल का?" दुकानदार म्हणाला, उंची कमी-जास्त असते, बघावं लागेल. त्याने नवी कोरी टोपी काढली, जुनी दाबली, आणि ती घट्ट बसली. "पण ताई, नवी छान खरखरीत आहे. ही घसरेल."

"नाही घसरणार." तिने टोपीवर एकदा बोट फिरवलं आणि ती लगेच उठली.

प्रयोगापर्यंत तिने भाऊजींशी साखरेसारखं गोड वागून घेतलं. भाऊजींनी पाट्या तपासायला मागितल्या, दाखवल्या. ओळ न् ओळ बघितली त्यांनी. लेखक म्हणून त्यांचं नाव असलेली पहिली पाटी तर दोनदा. "प्रयोगानंतर मी बोलणार आहे," म्हणाले, "ते मात्र आयत्या वेळचं. बाबांना कळलं पाहिजे. मी बोलेन ते जसंच्या तसं वर यायला हवं, एक शब्द इकडचा तिकडे नको."

"जसंच्या तसं," ती म्हणाली.

"आता कशी शहाण्यासारखी वागतेयस!"

दात ओठ खाणं तिला परवडलं नसतं, म्हणून ती हसली.

प्रयोगाला नाट्यगृह भरलं. डावीकडच्या रांगांत ऐकू न येणारी मंडळी, पहिल्या रांगेत मधोमध बाबा, हातात काठी, नजर वरच्या पडद्यावर. विंगेतून ती त्यांचा चेहरा बघू शकत होती. नाटक सुरू झालं. भाऊजी शिंपी झाले होते, आणि खोटं कशाला बोला, झाले होते चांगलेच. मग तो प्रसंग आला. कापड चुकीचं कापलं म्हणून शिंपी पोराला फाडकन मारतो. नंतर कुणी नाही असं बघून रुमाल पाण्यात भिजवतो, पोराच्या गालावर धरून बसतो, आणि एक शब्द बोलत नाही.

हा प्रसंग लिहिताना नवऱ्याने तिला सांगितलं होतं. "हे बाबांचं आहे. मला मारलं ना विंगेत, त्यानंतर त्यांनीच रुमाल ओला करून गालावर धरला. स्वतः रडत होते. म्हणाले, कुणाला सांगू नकोस. दादा तेव्हा रंगमंचावर माझा प्रवेश एकटा निभावून नेत होता, त्याला कधीच कळलं नाही." तो एकट्याने निभावलेला प्रवेश भाऊजी अजून चारचौघांत फुशारकीने सांगतात. रुमालाचं त्यांच्या गावीही नव्हतं. भिजवत मात्र होते रोज तालमीत, स्वतःच लिहिल्यासारखे.

पहिल्या रांगेत बाबा पुढे झुकले होते. त्यांनी हात स्वतःच्याच गालावर ठेवला होता.

नाटक संपलं, टाळ्या झाल्या, सगळे नट ओळीने उभे राहिले. भाऊजी दोन पावलं पुढे आले. ती चौकटीत बाण घेऊन बसलीच होती.

"रसिकहो," भाऊजी म्हणाले, आणि वर उमटलं, रसिकहो. "हे नाटक मी रक्ताचं पाणी करून लिहिलं." तेही उमटलं, जसंच्या तसं. "माझ्या धाकट्या भावाला लिहायची फार हौस. पण त्याला काही जमलं नाही. त्याचं स्वप्न मी पूर्ण केलं." तिने टाईप केलं. भाऊजींनी गळा दाटून आल्यासारखं केलं आणि थांबले.

त्यांच्या त्या थांबण्याचीच ती वाट बघत होती.

'हे खोटं आहे,' तिने लिहिलं. 'हे नाटक त्या धाकट्यानेच लिहिलं.' आणि खाली नवऱ्याचं नाव, पूर्ण. त्याचं, मग बापाचं, मग आडनाव. आडनाव तेच होतं. बापाचंही तेच होतं. वेगळं होतं ते फक्त पहिलं, आणि ते तिने सगळ्यांत मोठ्या अक्षरात टाकलं.

डावीकडच्या रांगांत आधी काहीच हललं नाही. मग त्यांच्यातली एक बाई उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर करून हलवले. त्यांच्या टाळ्या तशाच असतात. बघता बघता सगळ्या रांगा हात हलवायला लागल्या. भाऊजींना काय वाटणार? कृतार्थ होऊन कमरेत वाकले. वाकले, सरळ झाले, आणि पुन्हा वाकले. भावाच्या नावाखाली असा दणदणीत नमस्कार त्यांनी त्याच्या जिवंतपणी कधी घातला नव्हता. विंगेत पाटीबाईला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

मागच्या खोलीत मेहुण्याची मात्र तंतरली. त्याच्यासमोर सगळं ढळढळीत दिसत होतं आणि त्याच्या हातात होते फक्त दिवे. त्या शहाण्याने दिवे घालवले! रंगमंचावर काळोख पसरला, आणि अख्ख्या नाट्यगृहात उजेड असा एकच उरला, त्या पाटीचा.

तिने बोटाखालची गुळगुळीत टोपी रेटली, चौकट रिकामी केली आणि अंधारात लिहिलं. 'बाबा, ओला रुमाल आठवतो? तो थोरल्यांना कुणी सांगितला होता?'

बाबा काठी टेकत उभे राहिले. भाऊजींना त्या उजेडात दिसलं, की बाप उभा राहिलाय, पण आपल्याकडे बघत नाहीये. आपल्या डोक्यावरून वर बघतोय. सगळेच वर बघतायत. आणि मग जन्मात कधी केलं नव्हतं ते भाऊजींनी केलं. ते वळले.

"थोरल्या!" बाबांचा आवाज आला. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाणारा आवाज. "पाठ दाखवतोस?"

भाऊजी गर्रकन पुन्हा समोर फिरले. "बाबा, मी... म्हणजे ही बाई..."

बाबांना ऐकू आलं नाही. त्यांनी सवयीने वर पाहिलं. तिथे लिहून आलं होतं, 'बाबा, मी... म्हणजे ही बाई...' जसंच्या तसं, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"रुमालाचं तुला कुणी सांगितलं?" बाबांनी विचारलं. "मी आणि तो, दोघंच होतो तिथे."

भाऊजींनी तोंड उघडलं. मिटलं. विंगेकडे बघितलं. विंगेत ती मांडीवर कीबोर्ड घेऊन, दहाही बोटं बटणांवर ठेवून, त्यांच्या शब्दाची वाट बघत बसली होती. चौकट पुसून तयार होती. भाऊजी बोलतील ते ती लिहिणार होती.

भाऊजी काहीच बोलले नाहीत. तेही तसंच वर आलं. कोरी पाटी.

बाबांनी ती कोरी पाटी बराच वेळ वाचली. मग हळूच, पण त्यांच्या हळूनेही सगळ्यांना ऐकू गेलं, ते म्हणाले, "म्हणजे धाकट्याने लिहिलं."

तीही ओळ तिने टाईप केली, आणि मग बटणांवरून हात उचलले.